अफवा, सेन्सॉरशिप आणि आपला मोबाइल: संकटाच्या दिवसांत मेसेज तपासायचा कसा, पोस्ट लिहायची कशी, काढून टाकली तर काय करायचं

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आणि व्हिडिओ त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. कुणाला तरी संशय आला, गर्दी जमली, त्या पाचही जणांना ग्रामपंचायत कार्यालयात नेलं आणि तिथेच मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ होता, मोटरसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्यांचा. तो मुळात कराचीत बनवलेली बालसुरक्षेवरची जनजागृतीची फिल्म. तिच्यात शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढे सोडला.

आता मे २०२५. ऑपरेशन सिंदूर सुरू असताना पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीने सरकारवर टीका करणारी, दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर रिपोस्ट केली. दोन तासांत ती काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजने नाव काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकार आणि कॉलेज दोघांनाही फैलावर घेतलं, तिला सोडायला लावलं आणि परीक्षेला बसण्याची वाट मोकळी केली.

एकीकडे न तपासता पुढे ढकललेल्या मेसेजने माणसं मेली, दुसरीकडे एका रिपोस्टपायी मुलगी तुरुंगात गेली. संकटाच्या दिवसांत मोबाइल हातात धरणाऱ्याला या दोन्ही टोकांचा विचार करावा लागतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पोस्ट काढून टाकणं हा अफवेवरचा उतारा फार थोड्या वेळा लागू पडतो. खरी माहिती लवकर आणि उघडपणे मिळणं हाच बहुतेक वेळा लागू पडणारा इलाज. आणि ज्याला आपण पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवता येतं, त्याच्यावर कारवाई करणंही अवघड जातं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका सवयीच्या आहेत.

पायरी १: संकट यायच्या आधी करून ठेवायची कामं

ही अर्ध्या तासाची कामं. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. आपण न मागितलेली क्लिप गॅलरीत येऊन बसली की ती बघितली जाते आणि बघितली की पुढे जाते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खातं उघडायला लागणारा जादा पिन, चालू करा, कारण गोंधळाच्या दिवसांत खाती पळवणाऱ्यांचा धंदा जोरात चालतो.

मग फोनमध्ये चार नंबर साठवा: ११२ तातडीच्या मदतीसाठी, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी, १९३० सायबर फसवणुकीसाठी आणि १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अॅप टाकून ठेवा. आपल्या जिल्ह्याचं जिल्हा माहिती कार्यालय, जिल्हा पोलीस आणि हवामान विभागाचं मुंबई केंद्र यांची खरी खाती आत्ताच शोधून फॉलो करा. ऐन पुरात शोधायला बसलात की त्याच नावाची तीन बनावट खाती आधी सापडतात.

पायरी २: मेसेज आला. आता?

आधी बघा, मेसेज पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलाय की पुढे ढकललाय. राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच चॅटनाच मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. दोन बाणांची खूण दिसली तर तो मेसेज तुमच्यापर्यंत पाच किंवा जास्त हात फिरून आलाय. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. दोन बाण दिसले की पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी तो साक्षीदार नाही, एवढं धरून चाला.

मग मजकुरात तीन गोष्टी शोधा: ठिकाण, तारीख, आणि हे स्वतः पाहिलेला माणूस कोण. ‘आत्ताच बातमी आली आहे, आपल्या भागात टोळी फिरत आहे, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’ हा मेसेज वाचा. ‘आत्ताच’ म्हणजे कधी? ‘आपल्या भागात’ म्हणजे कुठे? हा मेसेज चंद्रपूरलाही लागू, चिपळूणलाही लागू, आणि तीन वर्षांनीही लागू. तो तसाच बनवलेला असतो. खरोखर सावध करणारा माणूस गल्लीचं नाव सांगतो, वेळ सांगतो, पोलिसांना कळवलं का ते सांगतो. माणसांविषयीच्या अफवेत, म्हणजे मुलं पळवणारे, विष घालणारे, अमुक समाजाचे लोक वगैरे, शंका असली तरी पुढे पाठवायचं नाही, थेट ११२. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच चोर-टोळीच्या अफवांच्या वातावरणात मारले गेले. राईनपाड्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

पायरी ३: फोटो आणि व्हिडिओ

याला वेळ द्या, कारण खोटं सर्वात जास्त इथेच शिरतं. आणि बहुतेक वेळा ते बनावट नसतंच. चित्र खरं असतं, त्याची तारीख आणि गाव खोटं असतं.

फोटो असेल तर गूगल लेन्सला द्या. तोच फोटो आधी कुठे आलाय ते समोर येतं. निकालात सर्वात जुनी तारीख शोधा, पहिला निकाल नव्हे. व्हिडिओ असेल तर तो थांबवून तीन-चार ठिकाणी स्क्रीनशॉट घ्या: एक सुरुवातीचा, एक पाटी किंवा दुकान दिसेल असा, एक माणसांचे कपडे दिसतील असा. प्रत्येक स्क्रीनशॉट वेगळा शोधा. एकात सापडत नाही ते दुसऱ्यात सापडतं.

शोध काहीच देत नसेल तर डोळे वापरा. पाट्यांची लिपी कुठली? गाडीच्या नंबरप्लेटची पहिली दोन अक्षरं एमएच आहेत का? वाहनं रस्त्याच्या कुठल्या बाजूने जातायत? आवाज बंद करून एकदा बघा, मग चित्र न बघता नुसता आवाज ऐका. बोलणाऱ्याची बोली कोल्हापूरची आहे, वऱ्हाडी आहे की भलतीच? ‘आज सकाळचं’ म्हणणाऱ्या व्हिडिओत कडक ऊन आहे आणि तुमच्याकडे तीन दिवस सूर्य दिसलेला नाही, तर पुढे तपासायची गरजच नाही.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं विमान पाडल्याची म्हणून फिरली. पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते दोन विमानं गमावल्याची कबुली देतायत असा डीपफेक व्हिडिओ फिरला. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रात सहा बोटं शोधायचे दिवस आता संपले. यंत्रं सुधारली आहेत. त्यामुळे चित्र बघून ठरवायच्या भानगडीत फार पडू नका, बातमी शोधा. इतकी मोठी कबुली खरी असती तर ती जगातल्या प्रत्येक मोठ्या वृत्तसंस्थेने पहिल्या पाच मिनिटांत दिली असती. एकाच क्लिपखेरीज कुठेच काही नाही, हीच तिची परीक्षा.

आणि ‘टीव्हीवर दाखवलं’ हा पुरावा मानू नका. त्याच आठवड्यात आपल्या मोठमोठ्या वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं रात्रभर सांगितलं. बंदर जागेवर होतं. त्या रात्री या बातम्यांवर विसंबून फॉरवर्ड करणाऱ्या सामान्य माणसाला मी तरी फार दोष देणार नाही.

तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी बूम, ऑल्ट न्यूज ही नावं बहुतेकांना माहीत असतात. मराठीत वाचायचं तर न्यूजचेकर मराठी आणि फॅक्ट क्रेसेंडो मराठी बघा. पीआयबी फॅक्ट चेक ही केंद्र सरकारचीच शाखा आहे. ‘असा आदेश निघालेला नाही’ हे सांगायला ती उत्तम, कारण आदेश काढणारे तेच. पण सरकारवरच्या टीकेला तिने ‘खोटं’ असा शिक्का मारला तर तो एका पक्षकाराचा खुलासा समजा आणि दुसरी बाजूही वाचा.

पायरी ४: आदेश, परिपत्रक, ‘कलेक्टर साहेबांचं पत्र’

दर पावसाळ्यात ‘उद्या सर्व शाळांना सुट्टी’ हे पत्र फिरतं. बहुतेकदा पत्र खरंच असतं, मागच्या वर्षीचं. तारीख खोडून नवी टाकलेली असते, पण वार बदलायचा राहतो. कॅलेंडर उघडून तारीख आणि वार जुळतात का बघणं, ही जगातली सर्वात सोपी तपासणी. मग जावक क्रमांक बघा, त्यात वर्ष असतं. सही करणारे अधिकारी आज त्या पदावर आहेत का बघा. बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या सहीचे आदेश दरवर्षी निघतात! शेवटी जिल्हा माहिती कार्यालयाच्या खात्यावर तेच पत्र आहे का, ते बघा.

मंत्रालयाचा शासन निर्णय असेल तर काम आणखी सोपं. जीआरच्या शेवटी संकेतांक असतो, लांबलचक आकडा, आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस यांनी होते. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर तो आकडा टाकला की निर्णय निघतो. निघाला नाही तर तो जीआर नाही.

पण खऱ्या पत्रानेही घोटाळा होतो. १४ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊन वाढल्याच्या दिवशी, वांद्रे स्टेशनजवळ गावी जायला निघालेल्या मजुरांची प्रचंड गर्दी जमली. गाड्या सुटणार अशी बातमी दिल्याबद्दल मराठी वाहिनीच्या एका पत्रकाराला अटक झाली, पुढे जामीन मिळाला. त्या बातमीला रेल्वेच्या एका अंतर्गत पत्राचा आधार होता. पत्रात विचार होता, निर्णय नव्हता. तेव्हा कागद खरा निघाला तरी ‘प्रस्तावित’, ‘विचाराधीन’, ‘मसुदा’ असले शब्द शोधा. आणि हेही लक्षात घ्या, की हातावर पोट असलेली हजारो माणसं शहरात अडकलेली नसती तर एका बातमीने गर्दी जमली नसती. पत्रकाराला आत टाकून तो प्रश्न सुटला नाही. मे महिन्यात श्रमिक गाड्या सोडाव्याच लागल्या.

पायरी ५: धरण फुटलं, पाणी आलं

पुराच्या अफवेला आकड्याने उत्तर मिळतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. आपल्या गावासाठी कोणतं मोजमाप लागू आहे ते पावसाळ्याआधी विचारून ठेवा. ‘कोयनेतून प्रचंड पाणी सोडलं, रात्री गाव बुडणार’ या मेसेजला एकच प्रश्न विचारायचा: किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी), किती वाजता? विसर्गाचा आकडा आणि वेळ नसलेला मेसेज पाटबंधारेवाल्यांचा असत नाही. पण शंका असेल आणि तुम्ही नदीकाठी असाल, तर आधी म्हातारी माणसं, जनावरं आणि कागदपत्रं वर हलवा, मग तपासा. इथे चूक झाली तर रात्रीची झोप जाईल, एवढंच.

पायरी ६: घरच्या ग्रुपवर सांगायचं कसं

ग्रुपवर थोरल्या माणसाला ‘हे फेक आहे’ म्हटलं की विषय मेसेजचा राहत नाही, मानाचा होतो. मी असं लिहितो: ‘काका, हा व्हिडिओ मी शोधला. तो जुना आहे, दुसऱ्या राज्यातला. मूळ बातमी खाली देतोय. पुढे कुणाला पाठवला असेल तर त्यांनाही कळवता का?’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण त्यात काकांना काम मिळतं आणि त्यांची इभ्रतही राहते. खरं काय ते आधी लिहा. खोटा मेसेज पुन्हा अख्खा डकवू नका. लोक खालचं वाचत नाहीत, वरचं वाचतात. आत्यांना किंवा मामांना फोन केलेला त्याहून बरा.

ग्रुपचे अॅडमिन असाल तर वाद वाढल्यावर ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवतील’ ही सोय दोन-चार तास लावा. ‘सदस्याने काही टाकलं तर अॅडमिन जेलमध्ये’ ही मात्र स्वतःच एक अफवा आहे. १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अॅडमिनला आपोआप गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसावा लागतो.

पायरी ७: आपण स्वतः लिहिताना

लिहिण्याआधी मनाशी तीन कप्पे करा. मी पाहिलं. मला अमक्याने सांगितलं. मला असं वाटतं. पोस्टमध्येही ते वेगळे ठेवा. ‘सिव्हिलमध्ये ऑक्सिजन संपला, पेशंट मरतायत’ असं न लिहिता: ‘आज दुपारी ३ वाजता माझे वडील दाखल असलेल्या वॉर्डात ऑक्सिजन बदलून मिळायला चाळीस मिनिटं लागली. परिचारिकांनी साठा कमी आहे असं सांगितलं. प्रशासनाने आजचा साठा जाहीर करावा.’ दुसऱ्या मजकुरात टीका कमी झालेली नाही. उलट ती खोडून काढणं अवघड झालं आहे, कारण तुम्ही पाहिलेल्याच गोष्टीची साक्ष देताय.

मदतीच्या पोस्टला तारीख आणि वेळ पहिल्या ओळीत हवी. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविर आणि बेडसाठी फिरणाऱ्या याद्यांमधले कित्येक नंबर बंद होते, काही तर सरळ भामट्यांचे होते. नंबर टाकण्याआधी स्वतः लावून बघा. गरज भागली की पोस्ट काढा किंवा वरती ‘मिळालं’ असं लिहा. पेशंटचा आधार क्रमांक आणि पूर्ण रिपोर्ट चारचौघांत टाकू नका.

काही गोष्टी खऱ्या असल्या तरी तेव्हा टाकायच्या नसतात. सैन्याची हालचाल, चालू असलेली पोलीस कारवाई, ओलिसांच्या सुटकेची दृश्यं. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार त्या बघत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. असल्या बंदीला मी सेन्सॉरशिप म्हणणार नाही. कारवाई संपल्यावर मात्र तिच्यावर प्रश्न विचारण्याचा हक्क पूर्ण असतो.

पायरी ८: कायदा, कामापुरता

संविधानाच्या कलम १९(१)(क) ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय. १९(२) मध्ये ते कशासाठी मर्यादित करता येतं त्याची यादी आहे: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. यादी पुन्हा वाचा. नुसतं ‘चुकीचं असणं’ तिच्यात नाही. सरकारची गैरसोय होणं तर नाहीच. चुकीच्या माहितीवर कारवाई करायची तर ती यातल्या कुठल्या तरी कारणाला जोडावी लागते.

म्हणूनच, केंद्राच्या कामकाजाबद्दल खोटं काय ते सरकारी फॅक्ट चेक युनिटने ठरवावं ही माहिती तंत्रज्ञान नियमांतली २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. विनोदवीर कुणाल कामरा यांच्या याचिकेवर आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने ती रद्द ठरली.

संकटकाळात लावली जाणारी कलमं साधारण अशी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३: घबराट पसरेल किंवा दोन गटांत वैर वाढेल अशी विधानं आणि खोटी माहिती, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. याच कलमात अपवाद आहे: मजकूर खरा आहे असं मानायला तुमच्याकडे वाजवी कारण होतं आणि तो तुम्ही सद्भावनेने, वाईट हेतू न ठेवता पसरवला, तर गुन्हा होत नाही. तुम्ही ठेवलेला स्रोत, स्क्रीनशॉट, वेळ यांचा उपयोग नेमका इथे होतो. कलम १९६ गटागटांत तेढ पसरवण्याचं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५४ घबराट माजवणाऱ्या खोट्या इशाऱ्याचं, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. शिवाय जुन्या कलम १४४ च्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चे मनाई आदेश.

हे आदेश वाचून बघावेत असे असतात. मे २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काढलेल्या आदेशात खोट्या माहितीबरोबरच सरकारी यंत्रणेविषयी अविश्वास निर्माण करणाऱ्या मजकुरालाही मनाई होती. यंत्रणेविषयी अविश्वास वाटायला जागा आहे की नाही, ते त्याच यंत्रणेने ठरवायचं! महाराष्ट्राची कोविड नियमावली १८९७ च्या साथरोग कायद्यावर उभी होती आणि तिच्यातही चुकीच्या माहितीला मनाई होती. तो कायदा प्लेगच्या साथीतला; त्याच वर्षी, त्याच प्लेगच्या धामधुमीत, ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. साथीच्या काळात सरकारला टीका जास्त झोंबते, हे आपल्याकडे तरी नवं नाही.

दुसऱ्या लाटेत, ३० एप्रिल २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावलं, की समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या किंवा तक्रार मांडणाऱ्या नागरिकांची गळचेपी केली तर तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल. बेड, ऑक्सिजन, औषध यांच्या पोस्टवरून कुणी दमदाटी केली तर ही तारीख सांगा.

आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ दाखवून कुणी घाबरवलं तर ते कलम २४ मार्च २०१५ ला रद्द झालंय. त्या लढ्याची ठिणगी आपल्या पालघरची, नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट टाकणाऱ्या आणि ती लाइक करणाऱ्या दोन तरुणींच्या अटकेची.

पायरी ९: पोस्ट गायब झाली

आधी शांतपणे कोणी काढली ते शोधा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. अॅपमधली सूचना आणि नोंदणी केलेला ईमेल दोन्ही बघा. ‘कम्युनिटी गाइडलाइन्स’चा उल्लेख असेल तर कंपनीने, बहुतेकदा यंत्रानेच, काढली आहे. ‘कायदेशीर मागणीवरून भारतात रोखली’ असं असेल तर सरकारी आदेश आहे. परदेशातल्या भाचीला तीच लिंक उघडायला सांगा. तिला दिसली आणि तुम्हाला नाही, तर खात्री झाली.

लगेच पुरावा जमवा: पोस्टची लिंक, तारीख, मजकूर, सूचनेचा स्क्रीनशॉट, आणि पोस्टला आधार काय होता ते. तीच पोस्ट रागाच्या भरात पुन्हा पुन्हा टाकू नका, त्याने अख्खं खातं जातं.

कंपनीने काढली असेल तर अॅपमधलं अपील करा. चार ओळी पुरतात: मजकूर काय, कोणत्या नियमाखाली काढला, तो नियम का लागू होत नाही, आधार काय. मराठी उपहास यंत्राला कळत नाही हे गृहीत धरून वाक्याचा अर्थ सरळ समजावून सांगा. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे २४ तासांत पोच मिळायला हवी. त्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही.

सरकारी आदेशाचा मामला कठीण. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खालच्या, मजकूर रोखण्याच्या आदेशांना नियम १६ ची गुप्तता असते, त्यामुळे कारण कळतच नाही. त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब) खालच्या, मजकूर काढायला सांगणाऱ्या नोटिसा आता गृहखात्याच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून जातात. त्याला एक्सने (पूर्वीचं ट्विटर) दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. मे २०२५ मध्ये एक्सने जाहीर केलं, की भारतात ८००० हून अधिक खाती रोखण्याचे आदेश आलेत आणि बहुतेकांत कोणती पोस्ट नडली तेही सांगितलेलं नाही. ‘द वायर’ या वृत्तमाध्यमाचं संकेतस्थळही तेव्हा काही काळ बंद झालं. कारण न सांगता, बाजू न ऐकता बोलणं थांबवायचं ही पद्धत मला अफवेपेक्षा कमी घातक वाटत नाही, कारण मग लोक खऱ्या बातमीच्या जागी कुजबुजीवर विश्वास ठेवतात.

तुमच्या हातात काय आहे? कंपनीला आदेशाची प्रत मागणारा ईमेल लिहा, नकार आला तरी तो लेखी असू द्या. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला लेखी निवेदन द्या. उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम २२६ खाली याचिका करता येते. अशा कामात इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आणि एसएफएलसी या दिल्लीच्या संस्था मार्गदर्शन करतात. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

पायरी १०: पोलिसांचा फोन आला

आधी तो पोलिसांचाच आहे का बघा. ‘तुमच्या पोस्टवर गुन्हा दाखल आहे, व्हिडिओ कॉलवर बसून राहा, पैसे भरा’ ही डिजिटल अरेस्टची फसवणूक. असा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवा, १९३० ला कळवा.

खरा असेल तर नाव, हुद्दा, ठाणं, गुन्हा क्रमांक विचारून लिहून घ्या आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची लेखी नोटीस मागा. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नसते; नोटीस पाळून हजर राहिलात तर अटकेसाठी पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. शिवाय २८ मार्च २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या, बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी कलम १७३(३) खालची प्राथमिक चौकशी करणं योग्य. वकिलाला हे दोन्ही सांगा.

एकटे जाऊ नका. घरच्या कुणाला तरी वेळ आणि ठाणं कळवून जा. नोटीस आल्यावर फोनमधलं काहीही डिलीट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा ठपका बसतो. फोन जप्त करत असतील तर पंचनाम्याची प्रत घ्या. रिकाम्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. जबाब मराठीत लिहून मागा आणि शेवटपर्यंत वाचा.

पायरी ११: इंटरनेटच बंद झालं

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइल स्टेटसवरून तणाव पेटला आणि इंटरनेट बंद झालं, तसं आपल्याकडे अधूनमधून होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालापासून बंदीचा आदेश प्रसिद्ध करणं सरकारला बंधनकारक आहे, आणि आताच्या नियमांप्रमाणे एक आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेश कुठे आहे, हे पत्रकारांनी आणि वकिलांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

साधे फोन आणि एसएमएस बहुतेकदा चालू असतात. महत्त्वाचे पाच-सहा नंबर कागदावर लिहिलेले हवेत, घरात थोडी रोख हवी, आकाशवाणी लागेल असा रेडिओ असला तर उत्तम. आणि इंटरनेट परत आलं की पहिला अर्धा तास काहीच पुढे पाठवू नका. बंदीच्या काळात अडकलेले सगळे मेसेज तेव्हा एकदम येऊन पडतात. ‘आत्ता दंगल सुरू आहे’ असं लिहिलेला मेसेज दोन दिवसांपूर्वीचा असू शकतो. मेसेज पाठवणाऱ्याला फोन करा आणि विचारा, हा तू कधी लिहिला होतास.